काळ्या डोळ्यांच्या आईबापांना हिरव्या डोळ्यांचं मूल? होतं. माझ्या घरात आहे.

प्रश्न असा आहे: माणसाच्या डोळ्यांचा सर्वांत दुर्मिळ नैसर्गिक रंग कोणता, तो कशामुळे येतो, आणि काही घरगुती उपायाने तो आणता येतो का? शिवाय खाली एक ओळ जोडली आहे: "आमच्या ओळखीत नवरा-बायको दोघांचेही डोळे काळे आहेत, मुलाचे मात्र हिरवे. हे कसं शक्य आहे?"

पहिला भाग पटकन उरकते, कारण माझा जीव त्या शेवटच्या ओळीत अडकलाय.

सर्वांत दुर्मिळ म्हणून हिरव्याचं नाव घेतात. जगात साधारण २ टक्के लोकांचे डोळे हिरवे, असा आकडा सगळीकडे दिला जातो. राखाडी त्याहून कमी म्हणणारेही आहेत, पण राखाडी कुठे संपला आणि निळा कुठे सुरू झाला हे बघणाऱ्यावर आहे. जांभळे डोळे नसतात. एलिझाबेथ टेलरचे जांभळे होते म्हणतात, ते गडद निळे होते. 'अलेक्झांड्रियाज जेनेसिस' नावाची जांभळ्या डोळ्यांची जी गोष्ट इंटरनेटवर फिरते, ती शुद्ध थाप आहे. लाल म्हणाल तर अल्बिनिझममध्ये बुबुळात रंगद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून परतणारा उजेड कधीकधी लालसर दिसतो. एरवी तेही डोळे फिकट निळे किंवा राखाडीच असतात. (अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे. हे दोन्ही एकच समजणारे भरपूर भेटतात.)

कारण एकच, मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य. बुबुळाचा मागचा थर अल्बिनिझम सोडला तर सगळ्यांचाच गडद असतो, फरक पडतो पुढच्या थरात. तिथे मेलॅनिन भरपूर असलं की डोळे तपकिरी. आपण ज्यांना काळे म्हणतो तेही उन्हात जवळून पाहा, गडद तपकिरी निघतील. मेलॅनिन अगदीच कमी असलं की आत शिरलेला उजेड विखुरतो, त्यातला निळा भाग जास्त परत येतो आणि डोळा निळा दिसतो. निळं रंगद्रव्य माणसाच्या डोळ्यात नसतंच. हिरव्या डोळ्यात थोडंसं मेलॅनिन असतं, त्याचा पिवळसर-तपकिरीपणा आणि हा विखुरलेला निळा मिळून हिरवा. आपले घारे डोळे याच पट्ट्यात कुठेतरी बसतात.

आता ती ओळ. "हे कसं शक्य आहे?" हे मी माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला, भरल्या हॉलमध्ये ऐकलेलं आहे. विचारणारी बाई शाळेत विज्ञान शिकवते. माझी मोठी नणंद.

आम्ही डोंबिवलीचे, सासर गुहागर तालुक्यातलं. माझे डोळे काळे, नवऱ्याचेही काळे. लेक झाली तेव्हा डोळे करडे होते. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, होतील हळूहळू काळे. जन्मानंतर काही महिने बुबुळात मेलॅनिन तयार होत राहतं, म्हणून असं म्हणायला जागा होती. पण वर्षाची होईस्तोवर रंग ठरला. कडेने हिरवट, बाहुलीभोवती तपकिरी कडं, आणि खिडकीशी मांडीवर घेऊन बसलं की मधे बारीक पिवळट रेघा दिसायच्या. ट्यूबलाइटखाली तेच डोळे नुसते राखाडी. मी तासन्‌तास बघत बसायचे. मला ते आवडायचे, हेही सांगून टाकते.

वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये होता. केक कापून झाला, आणि कुणीतरी सहज म्हणालं की डोळे कुणावर गेले हो हिचे. ताईंनी एक कागदी प्लेट उलटी केली, पर्समधून वह्या तपासायचं लाल पेन काढलं आणि प्लेटवर चौकोन आखला. चार घरं. वर नवऱ्याचे दोन कॅपिटल बी, बाजूला माझे दोन कॅपिटल बी. (कॅपिटल बी म्हणजे काळ्या रंगाचं जनुक, स्मॉल बी म्हणजे फिकट रंगाचं; प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून, एक बापाकडून.) "हे बघा, चारही घरांत कॅपिटल बी आला. म्हणजे पोर काळ्या डोळ्यांचंच व्हायला हवं. मग हे आलं कुठून?" आणि हसत हसत, "हॉस्पिटलात बाळं बदलली नाहीत ना?"

बाळं बदलली, हे नुसतं तोंडदेखलं. त्याच्या मागे काय होतं ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. माझी आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, तिने हातातली प्लेट खाली ठेवली. सासूबाई "पुरे गं आता" एवढंच म्हणाल्या. नवरा आइसक्रीम वाटत होता. तो वाटतच राहिला. त्याचं आणि माझं त्यावर काय झालं तो वेगळा विषय आहे आणि तो अजून मिटलेला नाही. मी गप्प बसले, कारण पाहुणे होते आणि मी कॉमर्सची. कॅपिटल बी आणि स्मॉल बी यांच्याशी माझा संबंध दहावीत संपलेला.

पण प्लेट मी फेकली नाही. घरी आणली आणि नंतर शांतपणे वाचायला लागले. तर ऐका, त्या चौकोनात गोम कुठे होती. ताईंनी आम्हा दोघांनाही कॅपिटल बी, कॅपिटल बी दिले. कुणी सांगितलं त्यांना? काळे डोळे दिसायला एक कॅपिटल बी पुरतो, दुसरा स्मॉल असला तरी बाहेरून काही कळत नाही. दोघांकडे एकेक स्मॉल बी धरा आणि तोच चौकोन भरा. चारातल्या एका घरात दोन्ही स्मॉल येतात, म्हणजे फिकट डोळे. चारात एक! ही काही नवी विद्या नाही. चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट या अमेरिकन जोडप्याने १९०७ साली डोळ्यांच्या रंगाला हा नियम लावला, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना तो शिकवला गेला. त्या जुन्या नियमानेसुद्धा काळ्या डोळ्यांच्या आईबापांना फिकट डोळ्यांचं मूल बिनतक्रार होऊ शकतं. त्या नियमात न बसणारी गोष्ट उलटी होती, दोघं निळ्या डोळ्यांचे आणि मूल तपकिरी. म्हणजे ज्या धड्याच्या जोरावर माझ्यावर बोट उचललं, तो धडाच नीट वाचलेला नव्हता.

आणि तो नियमही आता अपुरा ठरलाय. मुख्य कारभार १५व्या गुणसूत्रावरच्या दोन शेजारी जनुकांचा आहे, ओसीए-२ आणि हर्क-२. मेलॅनिन तयार करण्यात ओसीए-२ लागतं, आणि त्याचं बटण हर्क-२ मध्ये दडलेलं आहे. तिथे डीएनएच्या एका अक्षराचा फरक पडला की ओसीए-२ मंदावतं आणि बुबुळात मेलॅनिन कमी होतं. २००८ साली कोपनहेगनच्या हान्स आयबर्ग यांच्या गटाने हे दाखवलं आणि निळ्या डोळ्यांच्या लोकांमधला हा बदल ६ ते १० हजार वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजापासून आला असावा असा अंदाज मांडला. पुढे २०२१ मध्ये जवळपास १,९५,००० लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी संबंध असलेल्या डीएनएवरच्या आणखी ५० नव्या जागा सापडल्या. इतके हात लागलेले असताना कागदी प्लेटवरच्या चार घरांत कुणाची पोर बसवायला निघू नये. दोघं निळ्या डोळ्यांचे आणि मूल तपकिरी, हेही क्वचित होतं.

त्यानंतरचा दुसरा ताप म्हणजे "अगंबाई, मग तुम्ही कोकणस्थ का?" नाही हो, आम्ही कोकणस्थ नाही. कोकणातले आहोत, कुणबी आहोत. घाऱ्या डोळ्यांचा सातबारा एका जातीच्या नावावर लिहिलाय असं लोकांना का वाटतं देव जाणे. ऐश्वर्या राय मंगळूरकडच्या तुळू बंट कुटुंबातली. राज कपूर पेशावरचा, डोळे निळे. आमच्या वाडीतल्या बाजारात एक तास उभे राहा, घारे डोळे घेऊन मासळी विकणाऱ्याही दिसतील आणि गवताचे भारे वाहणारेही.

यावर लगेच कुणीतरी शहाणा म्हणतोच की कोकणात जहाजं फुटली, पोर्तुगीज आले, त्यांचंच हे. ती जहाज फुटल्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सांगणाऱ्याच्या आधी मीच पुरी करते. पोर्तुगीज आले १४९८ मध्ये. हर्क-२ मधला बदल त्याच्या हजारो वर्षं आधीचा. तो भारतातल्या लोकांत थोड्या प्रमाणात आढळतो, उत्तरेकडे जास्त, पण इतरत्रही. तो पिढ्यान्‌पिढ्या काळ्या डोळ्यांच्या आड गुपचूप राहतो आणि असे दोघं एकत्र आले की वर येतो. त्यासाठी कुणाच्या आजीला गलबतावर चढवायची गरज नाही.

सासरकडचा पुरावाही आहे, पण ताईंना तो चालत नाही. एका मे महिन्यात गावी गेलो तेव्हा चुलत आजेसासूबाईंनी लेकीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "अगो, ही तर आमच्या आत्याबायवर गेली. ती पण अश्शीच घारी व्हती." म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची बहीण. माळ्यावरून तिचा फोटो काढला. पण तो कृष्णधवल! नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि डोळे सगळ्यांचे असतात तसे करडे. ताई म्हणाल्या, यावरून काय कळतं? बरोबर, काहीच कळत नाही. पण म्हातारीला ती आठवत होती आणि ताईंना नाही, एवढं तरी धरा.

आधारची गंमतही सांगते. पोर पाच वर्षांची झाली की बोटांचे ठसे आणि बुबुळं द्यावी लागतात, म्हणून केंद्रावर गेलो. तिथला मुलगा स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, मुलीच्या लेन्स काढा." पाच वर्षांच्या पोरीला रंगीत लेन्स! मी म्हटलं, दादा, हे देवाने बसवलेलं आहे, निघत नाही. मग त्याने खुर्ची पुढे ओढली, वाकून बघितलं, शेजारच्या मुलीला बोलावून तिलाही दाखवलं. यंत्राला मात्र काही फरक पडला नाही. ते अवरक्त उजेडात फोटो घेतं, त्या उजेडात मेलॅनिन फारसं आड येत नाही, त्यामुळे काळा डोळा असो की घारा, बुबुळावरची नक्षी तेवढीच दिसते. याच नक्षीवरून शरबत गुला ओळखली गेली होती. १९८५ सालच्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. २००२ मध्ये ती सापडली, तेव्हा ती तीच हे बुबुळांची नक्षी ताडून पाहून ठरवलं गेलं. ज्या रंगासाठी जग तिला ओळखत होतं, तो त्यात कामाला आला नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या त्या जोडप्याचं मूल त्यांचंच आहे. म्हणजे डोळ्यांच्या रंगावरून उलटं म्हणायला काहीही आधार नाही. कुणाला खरोखरच शंका असेल तर त्याला डीएनए चाचणी आहे, आणि ती मागायची हिंमत नसेल तर गप्प बसावं. माझ्या घरी ती हिंमत कुणी केली नाही, नुसते चौकोन काढले.

तीन गोष्टी राहिल्या, त्या मात्र थट्टेवारी नेऊ नका. बाळाचे दोन डोळे दोन रंगांचे असतील, किंवा काळ्या डोळ्यांच्या आईबापांच्या बाळाचे डोळे एकदम लखलखीत निळे असतील, तर कानांची तपासणी करून घ्या. बहुतेकदा काही निघत नाही, पण वार्डेनबर्ग सिंड्रोम नावाच्या प्रकारात असे डोळे, कपाळावर पांढरी बट आणि बहिरेपण एकत्र येऊ शकतं. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलायला लागला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आत सूज असू शकते, लोखंडाचा कण अडकलेला असू शकतो, काचबिंदूच्या काही थेंबांनीही बुबुळ गडद होतं. आणि फ्लॅशच्या फोटोत लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. तो रंगाचा प्रश्न नाही, डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते.

घरगुती उपायाचं विचारलंय. मध आणि कोमट पाणी डोळ्यांत घालून रंग फिका होतो असे व्हिडिओ फिरतात. होत नाही. रंग बुबुळात असतो, वरून घातलेलं तिथवर जाऊन मेलॅनिन धुऊन काढत नाही, जंतुसंसर्ग मात्र होतो. ताईंच्या धाकटीने हे करून पाहिलं होतं, मामेबहिणीसारखे डोळे हवेत म्हणून. डोळे लालबुंद झाले, उघडवेनात. चांगला डॉक्टर कोण हे विचारायला ताईंचा फोन मलाच आला. मी नंबर दिला.