हॉटेलातलं ट्रेनिंग आणि वर्गातला शेवटचा बाक

प्रश्न : सर नमस्कार. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत मुख्याध्यापिका आहे, सिनियॉरिटीने झाले, म्हणजे सतरा वर्षं गणित शिकवलं आणि एका सोमवारी केबिनची चावी हातात आली. आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींचा नातू अमेरिकेत चार्टर स्कूलमध्ये आहे, ते तिकडे जाऊन आल्यापासून एकच धोशा, आपल्या शिक्षकांनाही तसलं ट्रेनिंग द्या. म्हणून जूनमध्ये गंगापूर रोडच्या हॉटेलात दोन दिवसांचं वर्कशॉप ठरतंय, वक्ता पुण्याहून, जेवणासकट बिल ऐंशी हजाराच्या वर. गेल्या वर्षीही केलेलं, फोटो मस्त आले, सोमवारपासून वर्ग जसेच्या तसे. शिक्षक २२, निम्मे कॉन्ट्रॅक्टवर. हे चार्टर प्रकरण आहे काय, आम्ही करायचं काय, आणि मुख्य म्हणजे मला कोण शिकवणार?
– एक मुख्याध्यापिका, सातपूर

उत्तर : मॅडम, केबिनच्या चावीचं वाक्य वाचून हसलो, माझंही तसंच झालं होतं.

आधी चार्टर, कारण सेक्रेटरी साहेबांना उत्तर तुम्हालाच द्यायचंय. तिथली चार्टर स्कूल म्हणजे आपल्यासारखी फीवाली प्रायव्हेट शाळा नव्हे हं. पैसा सरकारचा, मुलाला फी नाही, अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश, पण शाळा चालवायची मोकळीक चालवणाऱ्यांना. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलला पहिली शाळा उघडली. मोकळीक दिली तशी मानेवर टांगती तलवारही, करार ठरावीक वर्षांचा असतो, मुलं शिकत नाहीत असं दिसलं तर रिन्यू होत नाही, शाळा बंद. त्यामुळे मुख्याध्यापक वर्गात डोकावतो तो हौसेने नाही, शाळा टिकवायची म्हणून. तिथेही सगळं आलबेल नाहीये, बऱ्याच चार्टर शाळांत शिक्षक टिकत नाहीत, दमून जातात, ही बाजू साहेबांना नातवाने सांगितली नसणार.

आता तुमच्या ऐंशी हजारांचं बोलू. टीएनटीपी नावाच्या अमेरिकन संस्थेने २०१५ मध्ये तीन मोठ्या सरकारी डिस्ट्रिक्ट (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणा) आणि एक चार्टर शाळांचा समूह तपासला. त्या डिस्ट्रिक्टांमध्ये एका शिक्षकाच्या ट्रेनिंगवर वर्षाला सरासरी जवळपास १८ हजार डॉलर खर्च होत होते, आणि ठळक सुधारणा दिसली दहातल्या तिघांत. चार्टर समूहात मात्र दहातल्या सातांत. तिथे शिक्षकांना दर एक-दोन आठवड्यांनी कुणीतरी वर्ग बघून सांगत होतं, आणि सगळे मिळून सराव करत होते. म्हणजे साहेब ज्याच्या प्रेमात पडलेत ती गोष्ट हॉटेलात मिळत नाही, ती शाळेतच आहे, फक्त कंटाळवाणी आहे.

माझं सांगतो. पंचवटीत सातवीला अपूर्णांक शिकवत होतो, मुख्याध्यापक येऊन शेवटच्या बाकावर बसले. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला बाकांचे चौकोन काढले आणि मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या चौकोनात टिंब. वीस मिनिटांनी कागद माझ्या हातात. ३१ टिंबं, त्यातली २६ खिडकीकडच्या पुढच्या दोन बाकांवर. खाली लिहिलं होतं, "समजलं का? – ९ वेळा." आणि नऊही वेळा वर्गाने एका सुरात "हो सऽऽर" म्हटलेलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी हजेरी नंबरच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या आणि त्या काढून प्रश्न विचारायला लागलो, तेव्हा कळलं की निम्म्या वर्गाला तीन-चतुर्थांश मोठा की दोन-तृतीयांश तेच माहीत नाही. एवढं मला कुठल्या शिबिरात कोणी दाखवलं नव्हतं.

तर तुम्ही रोज दोन वर्गांत मागे जाऊन बसा, बारा-पंधरा मिनिटं. अकरा दिवसांत २२ जण होतात, मग परत पहिल्यापासून. एकच गोष्ट बघायची, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एकच गोष्ट सांगायची, दहा सांगितल्या की समोरचा शून्य ऐकतो. सुरुवातीला नुसतं थांबणं बघा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांची टेप करून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात आणि गप्प बसणारी पोरंही बोलतात. मोबाईलवर स्टॉपवॉच आहेच. शनिवारी अर्धी शाळा सुटली की तासभर सगळे बसा, मिसळ मागवा, एकाने दहा मिनिटं आपला पाठ घ्यायचा, बाकीचे विद्यार्थी. सुरुवात तुमच्या पाठाने करा, लोकांना हसू द्या.

एक अट मात्र कडक. यातलं एक अक्षर कॉन्ट्रॅक्ट रिन्यूच्या फाईलमध्ये जाऊ देऊ नका, साहेबांकडून तसं आधीच कबूल करून घ्या. पोटावर पाय येणार असेल तर माणूस तुमच्यासमोर नाटक करेल आणि तुम्ही गेलात की "फळ्यावरून उतरवून घ्या" सुरू.

वर्कशॉप रद्द होणार नाही, बिल ठरलंय म्हणजे फोटोही ठरलेत. मग निदान वक्त्याला एक दिवस हॉटेलात आणि दुसरा दिवस तुमच्या वर्गात उभं करा. तयार नसेल तर समजा काय ते.

आणि तुम्हाला कोण शिकवणार, तर राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये वर्षाला किमान ५० तास शिकायचं ते शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांनाही सांगितलंय, हे बऱ्याच केबिनमध्ये पोचलेलंच नाही. गंगापूर धरणाकडे जाताना लागणाऱ्या आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शालेय व्यवस्थापनाची, नोकरी करून होणारी पदविका सध्या चालू आहे का, चौकशी करा. पण खरं सांगू, परिसरातल्या दोन मुख्याध्यापकांशी जमवा, महिन्यातून एकदा त्यांनी तुमच्या शाळेत यायचं, तुम्ही त्यांच्या. केबिनमध्ये चुकलेलं तुम्हाला तुमचे शिक्षक तोंडावर सांगणार नाहीत.

प्रश्न : सर, आमचे मुख्याध्यापक पाठ निरीक्षणाला मागे बसले की माझे हातपाय गार पडतात, नंतर लॉगबुकमध्ये "समाधानकारक" एवढंच लिहितात. काय करू?
– सहशिक्षिका, सिन्नर

उत्तर : ताई, पुढच्या वेळी ते यायच्या आधी तुम्हीच जाऊन सांगा, "सर, आज माझी शेवटच्या बाकांवरची चार मुलं काय करतात तेवढं बघाल का?" मग त्यांचं लक्ष पोरांकडे राहील, तुमच्याकडे नाही, आणि "समाधानकारक" लिहून सुटताही येणार नाही त्यांना.