मॉडिफाय केलेली अबार्थ पुंटो बंद पडली आहे. दुरुस्त करावी की विकावी?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: सांगलीच्या नोंदणीची २०१६ सालची अबार्थ पुंटो (फियाटची वेगवान छोटी गाडी), रीमॅप केलेली (म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम, म्हणजेच मॅप, बदललेली), मोठा एक्झॉस्ट आणि बुटक्या स्प्रिंगा बसवलेली, पुण्याहून येताना कराडच्या अलीकडे निळा धूर सोडू लागली आणि तिची ताकद गेली. गॅरेजने पूर्ण इंजिनकामाचा अंदाज अडीच लाख सांगितला आहे आणि एक गृहस्थ आहे त्या स्थितीत दोन लाखांना गाडी घ्यायला तयार आहेत. साताऱ्यात इंजिनांच्या मशिनिंगचे काम माझे रोजचे असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

इंजिन अद्याप उघडले नसेल, तर निर्णय होईपर्यंत ते उघडू देऊ नये, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. बंद पडलेली पण जोडलेली गाडी घेणारा ग्राहक मिळतो. तेच इंजिन सुटे होऊन हेड एका कोपऱ्यात आणि पिस्टन गोणीत गेले की काय हरवले, काय बदलले याची खात्री कोणालाच राहत नाही आणि किंमत भंगाराच्या दिशेने घसरते. त्याशिवाय एकदा खोललेल्या गाडीचा मालक त्या गॅरेजचा बांधील होतो, कारण खोललेली गाडी दुसरीकडे नेणे अवघड असते. म्हणून न खोलता जेवढे कळू शकते, तेवढे आधी कळून घ्यावे, आणि ते बरेच कळते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ते पिस्टनच्या रिंगांमधून वर येत असेल किंवा टर्बोचे (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचे) सील गेल्यामुळे हवेच्या वाटेने आत शिरत असेल. दोन्ही प्रकारांत धूर सारखाच दिसतो आणि ताकदही जाते, पण खर्चात फार मोठा फरक आहे. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप काढून आत ऑइल साचले आहे का आणि टर्बोचा शाफ्ट हाताने हलवल्यावर खेळतो का, हे कोणताही जाणता मिस्त्री अर्ध्या दिवसात पाहू शकतो. त्यानंतर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (दाबाचे मोजमाप) घ्यावी. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. लीक-डाउन टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडतात; तेव्हा ऑइल भरण्याच्या झाकणातून हवा येते, सायलेन्सरमधून येते, की रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, यावरून जागा आणखी नक्की होते. स्पार्क प्लगच्या छिद्रातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा आणि बोअरवरचे ओरखडे बघावेत, आणि ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का हेही पाहावे. या तपासण्या झालेल्या नसताना सांगितलेला अडीच लाखांचा आकडा मी अंदाज म्हणूनही धरणार नाही.

पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांमधली भिंत) तुटली आहे असे निघाले, तर ती का तुटली हे कळल्याशिवाय नवीन पिस्टन घालू नयेत. या १.४ लिटर टी-जेट इंजिनाला कंपनीने १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क दिला होता. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब आणि इग्निशनचे टायमिंग वाढवले जाते, आणि पूर्ण थ्रॉटलवर इंधन जरासे जरी कमी पडले तरी नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन रिंगांमधली पातळ भिंत प्रथम तुटते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते, आणि जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाला कोरडे, म्हणजे कमी इंधनावर, चालवू शकतो. तो मॅप तसाच ठेवून केलेले इंजिनकाम हे पैसे वाया घालवणे आहे. ज्याने रीमॅप केला त्याच्याकडे बहुधा मूळ फाइल असते. ती आजच मागून घ्यावी.

सुट्या भागांबाबत आपल्या भागात एक गैरसमज दिसतो. फियाटचे १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत होते, त्यामुळे ‘फियाटचे सामान कुठेही मिळते’ असे मिस्त्री सहज सांगतात. टी-जेट पेट्रोलला ते लागू नाही. ते इंजिन भारतात लिनिया टी-जेटसारख्या मोजक्याच गाड्यांत आले आणि फियाट आता येथे गाड्या विकत नाही. बोअर करून (सिलिंडर घासून किंचित मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, तर पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवू देऊ नये. मशिनिंगची अडचण मात्र नाही. सातारा, मिरज आणि कोल्हापूर या पट्ट्यात बोअरिंग, स्लीव्ह, हेड फेसिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची उत्तम कामे होतात. बोअरची मापे लेखी मागावीत, चांगला कारागीर ती आनंदाने देतो. जुने इंजिन आणून बसवण्याचा सल्ला मिळाल्यास इंजिन क्रमांक बदलतो हे विसरू नये: त्याचे बिल लागते आणि आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

माझे मत विचाराल, तर फक्त टर्बो गेला असेल तर गाडी निःसंकोच दुरुस्त करावी. रिंगा किंवा पिस्टन गेले असून ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील, तरीही मी दुरुस्तीच्याच बाजूने आहे, कारण अशी गाडी आता नव्याने मिळणार नाही. मात्र ती मूळ मॅपवर आणावी आणि पुढील काही वर्षे आपण स्वतः चालवणार असाल तरच हा खर्च करावा. दुरुस्त करून लगेच विकण्याच्या हिशेबात पैसे सुटत नाहीत, आणि मॉडिफिकेशनवर घातलेली रक्कम तर कोणत्याच हिशेबात धरू नये, कारण घेणारा ती मोजत नाही. कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला असेल, तर दोन लाखांचा देकार चांगला आहे असे मी समजेन.

दोन्ही मार्गांत मूळ सायलेन्सर आणि स्प्रिंगा परत बसवाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०३१ मध्ये संपेल, तेव्हा नूतनीकरणाच्या तपासणीत हे बदल अडचणीचे ठरतील. विम्याकडून आशा ठेवू नये. इंजिनातील यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत येत नाही.

विकायचे ठरलेच, तर त्या गृहस्थांना तपासणीचे सर्व आकडे आणि केलेले सर्व बदल लिहून द्यावेत, आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोपवू नये. बंद गाड्या एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये हात बदलत राहतात आणि नाव पहिल्याच मालकाचे राहते; अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, घेणाऱ्याचे ओळखपत्र जोडून, हस्तांतरणाचा अर्ज आपल्या समक्ष सांगलीच्या आरटीओत दाखल करावा आणि त्याची पावती हाती आल्यावरच टो गाडी बोलवावी.