अंतराळकाल? छे, अवकाशकाल!

प्रश्न: ‘स्पेसटाइम’ला, म्हणजे सापेक्षता सिद्धान्तात जागा आणि काळ मिळून जी एकच गोष्ट होते तिला, मराठीत काय म्हणावं? अंतराळकाल, स्थलकाल की दिक्काल?

अंतराळकाल मुळीच नको. ‘अंतराळ वाकतं’ हे ऐकून ऐकून कान किटले. अंतराळ म्हणजे वातावरणापलीकडचं, यानं जातात ते. वक्रता काही तिथून सुरू होत नाही; गुरुत्वाकर्षण म्हणजे तीच, आणि तिच्यामुळे जमिनीच्या जितकं जवळ तितका काळ मंद. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत 2010 साली ॲल्युमिनियम आयनाच्या दोन घड्याळांपैकी एक फक्त 33 सेंटिमीटर उचललं, आणि ते जलद चालल्याचं मोजता आलं. टेबलावरचा काळ टेबलाखालच्यापेक्षा वेगळा, यात अंतराळ आलं कुठे? स्थलकाल कथा-कादंबऱ्यांच्या समीक्षेला लखलाभ.

शब्द आहे अवकाश. ‘काश्’ म्हणजे दिसणं, प्रकाशणं. आकाशही त्याच धातूतलं. आड काही नाही म्हणून पलीकडचं दिसतं, ती मोकळीक म्हणजे अवकाश. (‘सुट्टी’ हा अर्थ हिंदीचा, तो तिकडेच राहू द्या.) आता मराठी ऐका: ‘गाडी यायला अजून अवकाश आहे’, ‘हाक मारायचा अवकाश, की पोरगं हजर’. ही मोकळीक वेळेची! जागेचा आणि वेळेचा मधला भाग एकाच शब्दात आपण कधीपासून मोजतो आहोत.

गणितज्ञ हर्मान मिंकोव्स्कीने 21 सप्टेंबर 1908 रोजी कोलोनच्या व्याख्यानात जागा आणि काळ यांची अशीच मोट बांधली. दोन घटनांमधलं नुसतं अंतर किंवा नुसता वेळ वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या निरीक्षकागणिक बदलतो. प्रकाशवेग गुणिले वेळ, त्याचा वर्ग, त्यातून अंतराचा वर्ग वजा, हे उत्तर मात्र सगळ्यांचं सारखं. सूर्यावर ज्वाळा उसळली आणि 5 मिनिटांनी तुम्ही गॅस पेटवला, तर आधी काय घडलं यावर निरीक्षकांचं एकमत होईलच असं नाही, कारण सूर्यप्रकाशाला इथवर यायला सुमारे 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. 10 मिनिटांनी पेटवलात तर क्रम पक्का. हे सगळं त्या वजाबाकीमुळे. ‘काळ म्हणजे लांबी-रुंदीसारखीच चौथी मिती’ असं ठोकून देणारे नेमकी तीच गाळतात. दोन घटनांमधल्या या राशीलाच ‘अवकाश’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. परिभाषावाले ‘अंतराल’ म्हणोत बापडे.

दिक्कालवाल्यांशी मात्र भांडण आहे. शब्द भारदस्त, भर्तृहरीचं नीतिशतक त्यानेच सुरू होतं, मान्य. पण वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या नऊ द्रव्यांत दिक् वेगळं आणि काल वेगळा, दोन्ही नित्य. हा हिशेब न्यूटनच्या जवळचा. शिवाय दिक् आलं ‘दिश्’ म्हणजे दाखवणं यातून. पूर्व-पश्चिम, जवळ-लांब या व्यवहारापुरतं द्रव्य ते, ते वाकणार कसं? जुना शब्द सापडला म्हणजे जुना सापेक्षता सिद्धान्तही सापडला, असं होत नाही.

अवकाशकाल जोडूनच लिहा, मध्ये रेघ नको. केरकचरा, मीठभाकर यांच्यासारखा हा समाहार द्वंद्व, तेव्हा क्रियापद एकवचनी: ‘अवकाशकाल वाकतो’. ‘अवकाश आणि काल वाकतात’ लिहिलंत, की एकाचे पुन्हा दोन झाले.