नकाशा समोर ठेवून लिहिताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर ‘भूगोल हीच राष्ट्रांची नियती’ असं ठोकून दिलंयस, आणि माझी पेन्सिल तिथेच अडली.

तुझं उदाहरण पोलंडचं. सपाट मैदान, वाटेत डोंगर नाही, म्हणून शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत देश गिळला. वर्गात मीही हे असंच शिकवायचो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाही मैदान हेच होतं ना? मग तेव्हा पोलंड-लिथुआनिया युरोपातल्या सगळ्यात मोठ्या राज्यांत कसं?” खडू हातातच राहिला. जे बदललंच नाही, ते बदलाचं कारण कसं होणार? बदलली होती ती शेजाऱ्यांची ताकद. शिवाय पोलंडच्या संसदेत एकच सदस्य ‘मला मान्य नाही’ म्हणाला की अख्खं अधिवेशन बारगळायचं. मैदानाने या दुबळेपणाची शिक्षा लवकर आणि पुरेपूर मिळेल एवढी सोय केली. डोंगराआडच्या देशाला असल्या चुका बरीच वर्षं पचतात.

आता नकाशात बोस्फरसच्या सामुद्रधुनीवर बोट ठेव. सगळ्यात अरुंद जागी जेमतेम सातशे मीटर. दोन्ही काठांवर इस्तंबूलची वस्ती आणि मधून तेलवाहू जहाजं. काळ्या समुद्रातून बाहेरच्या समुद्रात जायचं तर वाट हीच. ‘तुर्कस्तानच्या हाती किल्ली’ असं लिहून तू पुढे गेलायस. पण पहिल्या महायुद्धानंतर ही किल्ली त्याच्या हातून गेली होती. सामुद्रधुनीचे काठ लष्करमुक्त झाले, वर आंतरराष्ट्रीय आयोग बसला. १९३६ च्या माँत्रो कराराने ती परत मिळाली. पाणी तेच, रुंदी तीच!

त्या करारातलं एकोणिसावं कलम मुळातून वाच. युद्धात तुर्कस्तान तटस्थ असेल, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना इथून वाट नाही, अपवाद आपल्या तळावर परतणाऱ्यांचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तुर्कस्तानने हे कलम लागू केलं. एप्रिलमध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ ही युद्धनौका काळ्या समुद्रात बुडाली. तिच्याच जातीच्या दोन नौका तेव्हा भूमध्य समुद्रात होत्या, पण तिच्या जागी एकही आत आणता आली नाही. सामुद्रधुनीची ताकद मोजायची तर पट्टीबरोबर करारही उघडावा लागतो, तो यासाठी.

सुएझबद्दल तू बरंच लिहिलंयस, ते निम्मं कर. एवढंच ठेव की १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेच्या टोकाला घालायचा वळसा एका झटक्यात गैरसोयीचा ठरला, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू होताच अनेक कंपन्यांनी तोच वळसा पुन्हा पत्करला. कुठलीही वाट ‘मोक्याची’ म्हणण्याआधी ती बंद पडली तर दुसरीकडून जायला किती दिवस आणि किती इंधन जास्त लागेल, ते पाहा. आकडा लहान निघाला तर विशेषण खोडून टाक.

बोलिव्हियाचा परिच्छेद मात्र काढू नकोस, तो तुझा सगळ्यात चांगला आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात त्याचा किनारा चिलीकडे गेला, तरी आरमार आजही आहे आणि टिटिकाका सरोवरावर सराव करतं. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोलिव्हियाला समुद्राची वाट देण्याबाबत चिलीवर वाटाघाटींचं बंधन नाही असा निकाल दिला, हे तू सांगतोस आणि थांबतोस. त्याच्या शेजारी स्वित्झर्लंड ठेवून बघ. समुद्र त्यालाही नाही. पण तिथल्या बाझल शहरातून माल ऱ्हाईन नदीमार्गे रॉटरडॅमच्या बंदराला जातो, आणि त्या नदीवरची मुक्त वाहतूक १८६८ च्या मानहाइम करारात बांधलेली आहे. गंमत म्हणजे १९०४ च्या तहाने बोलिव्हियालाही चिलीच्या बंदरांपर्यंत मुक्त वाट दिली आहे. मग एकाला समुद्राची उणीव फारशी बोचत नाही आणि दुसऱ्याला जवळजवळ दीडशे वर्षं का बोचते?

याच प्रश्नावर चार पानं लिहून पाठव. ‘नियती’ हा शब्द न वापरता.

तुझा,
सर