आधी जमिनीखालचा सेक्शन काढ

अगं, नव्या रस्त्याच्या डिझाइनबद्दलचा तुझा मेसेज वाचला. खरं सांगू, जरा चिडलोच, तुझ्यावर नाही, त्या गोंधळावर. पार्किंग ठेवू का सायकल ट्रॅक, बेंच कुठले, झाडं बकुळीची का ताम्हणाची... हे सगळं वरचं झालं. खाली काय आहे? ९० फुटी रस्ता हातात आलाय आणि जमिनीखालचा सेक्शनच नाही, म्हणजे रस्ता आडवा कापला तर खाली काय दिसेल ते ड्रॉइंगच नाही!

झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात, आडवी पसरतात, घेराच्याही बाहेर जातात. नेमकं तिथेच आपण केबल, गॅस, पाण्याच्या लायनी कोंबतो, कर्ब (फुटपाथच्या कडेचे दगड) बसवताना एका बाजूची मुळं छाटतो, खोडापर्यंत काँक्रीट ओततो आणि जूनच्या वाऱ्यात झाड रिक्षावर आडवं झालं की म्हणतो झाडच कमजोर होतं. गुलमोहर ठिसूळ असतो, मान्य, पण दरवेळी गुलमोहरच कसा गं? हरित लवादाने २०१३ला दिल्लीच्या केसमध्ये सांगून झालंय, खोडाभोवती एक मीटर काँक्रीट नको. मी तर म्हणतो झाडामागे एकेक सुटा खड्डा ठेवूच नको, सलग मातीचा पट्टा दे. आधी माती, मग बाकीचं.

बार्सिलोनाचा पासेच दे सांत जुआन बघितलास ना? ५० मीटरचा रस्ता, फुटपाथ साडेबारावरून १७ मीटर केले, त्यातले ६ चालायला आणि ११ झाडांखाली बसायला-खेळायला. आता म्हणशील मुंबईत एवढी जागा कुठे. मग दादर पारशी कॉलनीत जा, प्लेगनंतरच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या स्कीममधली वस्ती, रस्ते काही अवाढव्य नाहीत, तरी झाडांच्या सावलीत मे महिन्यात दुपारी चालता येतं.

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमातली १.८ मीटर मोकळी पट्टी चालणाऱ्यांना द्यायचीच, ती झाडाच्या पट्ट्यातून चोरायची नाही, पार्किंगमधून घ्यायची. आणि सावली झाली की चहावाला, चांभार येऊन बसणारच, त्यांना ड्रॉइंगमध्येच जागा दाखव, नाहीतर ते मुळांवर बसतील. (कॉम्प्युटरवर काढलेल्या रेंडरच्या चित्रांमध्ये मात्र कायम गोरी माणसं कुत्रा फिरवताना!)

मला हेकट म्हणून एक-दोन कामांतून बाजूला केलं, त्यातला एक रस्ता मला मनापासून करायचा होता, अजून तिथून जाताना टॅक्सीत मी दुसरीकडे बघतो. जरा गोड बोललो असतो तर राहिलो असतो बहुतेक. पण मातीचा पट्टा अर्ध्यावर आणून राहायचं तर कशाला राहायचं, तू सांग. तू माझ्यापेक्षा गोड बोलतेस, ते वापर, पार्किंगवर तडजोड कर, दिव्यांवर कर, मातीवर नको.

आणि केबल-गॅस-पाण्याच्या लायनींचे युटिलिटीवाले ड्रॉइंग देत नाहीत हे कारण मला सांगू नकोस, कुणीच देत नाही. ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते बघायचे तपासणीचे खड्डे, मारायला लाव, स्वतः उभी राहून मोजमाप घे, फोटो पाठव. मेच्या आत कर हं, एकदा पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत रस्ता खणायला कोणी परवानगी देणार नाही.