लेप बघायचाय? मग खडक सोड, वाळू बघ

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला डायव्हिंगसाठी पहिल्यांदा पाण्यात उतरलास की नजर आपोआप खडकाकडे जाते, रंगीत मासे सगळे तिथेच ना! लेप हा चपटा मासा मात्र खडकाच्या पायथ्याशी, दोन दगडांमधल्या वाळूत पडलेला असतो. रवा लावून ताटात आलेला तू ओळखशील, पण तळाशी तो अंगावर वाळू उडवून घेतो आणि रंगही वाळूसारखाच करतो. म्हणून आख्खा मासा शोधू नकोस. वाळूतून किंचित वर आलेले, जवळजवळ असलेले दोन डोळे शोध. पिल्लाला ते दोन बाजूंना असतात, वाढताना एक सरकत दुसऱ्याच्या बाजूला येतो. भाकस या दुसऱ्या चपट्या माशात तर कुणाचे डावीकडे, कुणाचे उजवीकडे.

तळाला गुडघे टेकू नकोस. आपल्याकडचं पाणी आधीच गढूळ, त्यात पायातले फिन जोरात मारलेस तर समोरचं काही दिसायचं नाही. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असा तरंगण्याचा तोल, सांभाळून, पाय बेडकासारखे मारत बाजूने जा. हात लावून त्याला उठवायला तर अजिबात जाऊ नकोस. त्याच वाळूत पाकटही दडलेली असू शकते, आणि तिच्या शेपटीचा काटा विषारी. लेप उठलाच तर बहुधा थोडा पुढे जाऊन परत बसतो. कुठे बसला ते बघून ठेव, पाठलागात हवा संपवू नकोस.