वाचकांचे प्रश्न : नोड म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुलाच्या भौतिकशास्त्रात नोड, सासूबाईंच्या सोनोग्राफीत लिम्फ नोड, वायफाय बसवणाराही नोडच म्हणाला. सगळं एकच का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : मूळ लॅटिन शब्द ‘नोडस’, म्हणजे गाठ. अर्थ मात्र ठिकाणाप्रमाणे बदलतो.

भौतिकशास्त्रातला नोड म्हणजे निस्पंद, स्थिर तरंगातला, म्हणजे जागच्या जागी थरथरणाऱ्या लहरीतला, न हलणारा बिंदू. इंदुरात तंबोऱ्यांना काय तोटा! तारेच्या बरोबर मध्यावर बोट अलगद टेकवा, दुसरीकडे छेडा आणि लगेच बोट उचला. स्वर एक सप्तक वर ऐकू येईल, कारण मध्यावर निस्पंद झाला. बोट दाबलंत किंवा मध्यावरच छेडलंत तर जमणार नाही.

लिम्फ नोड म्हणजे लसिका ग्रंथी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते हेच. दुखरी, हलणारी गाठ बहुधा संसर्गाची असते. कडक, न दुखणारी, वाढत जाणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ डॉक्टरांना दाखवाच. हृदयातला एसए नोड वेगळा. तो ठोक्यांची लय धरतो, विश्रांतीत मिनिटाला साधारण 60 ते 100.

उसाचं पेरंही नोडच, डोळा तिथेच फुटतो.

नेटवर्कमध्ये जोडलेलं प्रत्येक उपकरण नोड. वायफायवाला म्हणतो तो मेशचा, म्हणजे एकमेकांना सिग्नल पोचवणाऱ्या डब्यांच्या जाळ्यातला, एक डबा. लोक हा डबा सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवतात, तिथेच चुकतं. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर पुढे काय देणार? राउटर आणि त्या खोलीच्या साधारण मध्यावर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा.